वाफा, चूल आणि घरची माणसं: वसंतातला एक आठवडा

वसंतात तीन प्रकारची कामं एकदमच अंगावर येतात. खिडकीत रोपांची दाटी झालेली असते, बाहेर वाफे रिकामे पडलेले असतात, आणि स्वयंपाक तर कुणाला चुकलेला नाही. हाताने करायचं काम मोजलं तर दिवसाला तास-सव्वा तासाच्या वर जात नाही. बाकी सगळं थांबणं असतं. रोपांना ऊन-वारा सोसायची सवय व्हायला सात दिवस लागतात, कडधान्य भिजायला एक रात्र, मोड यायला दीड दिवस, भिजलेल्या मातीला वाफसा, म्हणजे खणण्याजोगा ओलावा, यायला दोन-तीन दिवस. म्हणून आठवडा आखताना आधी ही थांबायची कामं मांडायची आणि हाताची कामं त्यांच्या मधल्या फटींत सरकवायची. उलट केलं की शनिवारी उत्साहाने रोपं लावली जातात, सोमवारी ती उन्हाने पांढरी पडतात आणि रात्री आठ वाजता लक्षात येतं की राजमा भिजवायचा राहिला.

इथे दिलेला आठवडा शनिवारी सकाळी सुरू होतो. पुढच्या शनिवारी संध्याकाळी रोपं जमिनीत जातात.

कोणता आठवडा निवडायचा

तारीख बघून ठरवू नका, रात्रीचा पारा बघा. टोमॅटोच्या रोपांसाठी रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जायचं थांबलेलं हवं. मिरची, वांगं आणि काकडी जास्त नाजूक, त्यांना १३ ते १५ अंश लागतात. पालक, मुळा, वाटाणा आणि कोथिंबीर यांना थोडी थंडी मानवते, त्यांच्यासाठी थांबायची गरज नाही; उशीर केला तर कोथिंबीर आणि पालक पानं धरण्याऐवजी तुऱ्यावर येतात. जिथे वसंत म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा असतो तिथे हिशोब दुसऱ्या टोकाने करायचा. दिवसा ३५ आणि रात्री २४ अंशांच्या वर तापमान राहिलं की टोमॅटोचा परागकण नीट काम करत नाही आणि फुलं गळतात. रोपं त्याआधी फुलोऱ्यावर यायला हवीत.

बी थेट जमिनीत टाकायचं असेल तर हवेपेक्षा मातीचं तापमान महत्त्वाचं. सकाळी नऊच्या सुमारास मातीत ५ सेंटिमीटर खोल थर्मामीटर खुपसायचा, सलग तीन दिवस. घेवड्याला किमान १६ अंश हवेत, काकडीला १८ तरी. थंड मातीत घेवड्याचं बी पाणी पिऊन फुगतं पण रुजत नाही. त्यातली साखर बाहेर पाझरते, तिच्यावर बुरशी वाढते आणि आठवड्याने उकरून पाहिलं तर हाताला लिबलिबीत साल लागते. बियाण्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

शनिवार सकाळ: वाफसा

पहिलं काम मूठभर मातीचं. वरची माती बाजूला सारून ८-१० सेंटिमीटर खालची माती हातात घ्यायची आणि मूठ घट्ट आवळायची. मूठ उघडल्यावर गोळा झालेला असेल तर त्याला अंगठ्याने हलकेच टोचायचं. गोळा फुटून भुसभुशीत तुकडे झाले तर वाफसा आहे, खणायला घ्या. अंगठा कणकेत रुतावा तसा रुतला आणि वर चकाकी दिसली, तर दोन दिवस थांबा. गोळाच झाला नाही तर माती एकतर वाळूची आहे किंवा कोरडी. कोरडी असेल तर आज पाणी देऊन उद्या पुन्हा मूठ आवळून बघायची.

हा एक मिनिटाचा तपास सोडून देणं सगळ्यात महागात पडतं. ओल्या चिकण मातीत कुदळ मारली की तिच्यातल्या हवेच्या जागा दाबल्या जातात. त्या ढेकळांवर ऊन पडलं की विटा होतात, आणि मग हंगामभर पाणी त्यांच्या बाजूने वाहून जातं, आत शिरत नाही.

वाफ्याची रुंदी १२० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो. भिंतीला लागून असेल तर ६० पुरे. लहान मुलं काम करणार असतील तर दोन्ही बाजूंनी मोकळा वाफाही ७५ सेंटिमीटरचाच ठेवा. त्यांचा हात पोचला नाही की पाय वाफ्यात पडतो. वर ३ ते ५ सेंटिमीटर कुजलेलं कंपोस्ट पसरायचं, वरच्या १०-१५ सेंटिमीटर मातीत मिसळायचं, सपाट करून भरपूर पाणी द्यायचं आणि वाफा तसाच सोडून द्यायचा. त्यात आज काहीच लावायचं नाही. खणल्यामुळे वर आलेलं तणाचं बी या ओलाव्यावर आठवडाभरात उगवतं आणि शुक्रवारी ते सगळं एका फटक्यात काढता येतं.

कुंड्यांसाठी दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण चालतं. पिशवीतलं तयार मिश्रण असेल तर ती तोंडाजवळ धरून उघडू नका. त्या धुळीत फुफ्फुसांचा गंभीर आजार करणारा लिजिओनेला जिवाणू असू शकतो. उघडून लगेच थोडं पाणी शिंपडायचं, हातमोजे घालायचे. टोमॅटोच्या एका रोपाला १५ ते २० लिटरची कुंडी, मिरचीला ८ ते १० लिटरची. तळाशी खडे किंवा खापऱ्या घालायची सवय मात्र सोडलेली बरी. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही, ते खड्यांच्या थराच्या वरच अडतं, म्हणजे ओलीचिंब माती मुळांच्या आणखी जवळ येते. भोकातून माती वाहू नये एवढ्यासाठी जाळीचा तुकडा पुरतो.

शनिवार दुपार: रोपं उंबऱ्याबाहेर

घरात वाढलेल्या रोपाच्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो आणि खोडाला वारा माहीत नसतो. त्याला कणखर करायला सात दिवस लागतात, आणि ते असे जातात. शनिवारी एक तास सावलीत, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात. रविवारी दोन तास, तिथेच. सोमवारी तीन तास, त्यात अर्धा तास सकाळचं कोवळं ऊन. मंगळवारी चार तास, एक तास ऊन. बुधवारी अर्धा दिवस, दोन तास ऊन. गुरुवारी दिवसभर बाहेर, चार तास ऊन, वाराही लागू द्यायचा. शुक्रवारी दिवस आणि रात्र दोन्ही बाहेर, अर्थात रात्र वर सांगितलेल्या तापमानाच्या खाली जाणार नसेल तरच. शनिवारी लागवड.

मधे एखादा दिवस चुकला तर त्या दिवसाची पायरी दुसऱ्या दिवशी घ्यायची, दोन पायऱ्या एकदम चढायच्या नाहीत. ऊन जास्त झालं की पानांवर कागदासारखे पांढुरके चट्टे पडतात. ते भाग पुन्हा हिरवे होत नाहीत, पण शेंडा शाबूत असेल तर रोप वाचतं. पानं ओरबाडून काढू नका. दुपारी रोप मलूल दिसलं तर आधी मातीला हात लावायचा. माती ओली असेल तर त्याला सावली हवी आहे, पाणी नाही.

या कामाची खरी अडचण वेळेची असते. दुपारी घरात कोण असतं, रोपं आत कोण घेणार? सगळी रोपं एका क्रेटमध्ये ठेवली तर आत-बाहेर करायला एकच खेप पुरते. दिवसा घरात कुणीच नसेल तर सकाळी दोन तास बाहेर ठेवून आत घ्यायची आणि सात दिवसांऐवजी दहा दिवस धरायचे. क्रेट जड असेल तर आजी-आजोबांवर हे काम टाकू नका. वेळ सांभाळणं आणि हाक मारणं त्यांच्याकडे, उचलणं दुसऱ्या कुणाकडे.

शनिवार रात्र: राजमा

अर्धा किलो कोरडा राजमा, २ लिटर पाणी, ३० ग्रॅम मीठ. मिठाने कडधान्य कडक राहतं हा समज भिजवण्याच्या बाबतीत उलटा आहे. सालीतल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची जागा सोडियम घेतो आणि साल मऊ होते, शिजताना फुटत नाही. ८ ते १२ तास पुरे. स्वयंपाकघर गरम असेल तर पातेलं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी वर फेस आणि आंबट वास येतो.

रविवारी सकाळी पाणी फेकून द्यायचं, राजमा धुवायचा आणि नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खदखदा उकळायचा. यात सूट नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असतं, त्याने काही तासांत उलट्या सुरू होतात. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये पाणी उकळीपर्यंत पोचलं नाही तर हे प्रथिन नष्ट होत नाही, उलट त्याचा जोर वाढतो. नंतर साध्या पातेल्यात तास-सव्वा तास, किंवा प्रेशर कुकरमध्ये १५ ते २० मिनिटं. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काहीही दाणा बोटांत सहज चेपला जाईपर्यंत घालायचं नाही. आंबटाने साल आवळून राहते. दोन तास शिजवूनही दाणा टणकच असेल तर तो जुना आहे किंवा पाणी जड आहे. चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, अर्ध्या किलोला पाव चमचा. त्याहून जास्त घातला तर साबणाची चव येते आणि दाण्याचा लगदा होतो.

शिजून साधारण सव्वा किलो होतो. चार माणसांच्या घरात तीन जेवणं निघतात: रविवारी रस्सा, मंगळवारी ठेचून सूपमध्ये, उरलेला त्याच्याच पाण्यासकट डब्यात भरून फ्रीझरमध्ये. डबा काठोकाठ भरू नका, २ सेंटिमीटर जागा सोडा, गोठताना पाणी फुगतं. मंगळवारचा हिस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. मोठ्या पातेल्यात गरम अन्न झाकून ठेवलं तर मधला भाग मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत पसरून गार करायचं. भाताची शिळवण तर त्याहून नाजूक. ती दुसऱ्या दिवशी संपवायची आणि वाफा निघेपर्यंत गरम करायची.

रविवार: पेरणी, मुलांसह

काकडी आणि उशिराची मिरची ट्रेमध्ये, मुळा आणि कोथिंबीर कुंडीत. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावं एवढा एक नियम लक्षात ठेवला की पाकीट वाचायची गरज उरत नाही. मिरची अर्धा ते एक सेंटिमीटर, काकडी दोन, मुळा एक. धण्याचं एक फळ म्हणजे दोन बिया असतात; लाटणं हलकेच फिरवून ते दोन फाकांत फोडायचं आणि मग पेरायचं. जोर लावला तर पूड होते, मग ती भाजीत घाला. काकडी चार ते सात दिवसांत वर येते, मिरची दोन-तीन आठवडेही लावते. मिरचीच्या ट्रेत काही दिसत नाही म्हणून पाचव्या दिवशी बोटाने उकरून बघणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच. त्याला दुसरं काम द्या.

ते दुसरं काम म्हणजे उगवण तपासणी. मागच्या वर्षीची उरलेली बियाणी असतील तर प्रत्येकी दहा दाणे ओल्या कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवायचे, वर नाव आणि तारीख. पुढच्या रविवारी मोजायचे. आठ-नऊ रुजले तर उत्तम, पाच-सहा रुजले तर दाट पेरायचं, त्याखाली पाकीट फेकायचं. नावाच्या पट्टीवर पेन्सिलने लिहा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल हंगामभर टिकते.

मुलांना टोमॅटोचं रोप सोपवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. लाल फळ हातात पडायला दोन-अडीच महिने लागतात, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी तो काळ म्हणजे एक युग. मुळा द्या, तो २५ ते ३० दिवसांत उपटता येतो. त्याहून लहान असेल तर काचेच्या बरणीत आतून ओला कागद लावून काच आणि कागदाच्या मधे घेवड्याचे चार दाणे अडकवायचे. तळाशी बोटभर पाणी. तीन ते पाच दिवसांत मूळ दिसतं, तेही खाली जाताना दिसतं, बरणी आडवी केली तर दोन दिवसांत वळताना दिसतं. ओट्यावर सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवा.

आता ट्रेमध्ये काय बिघडतं ते. एक, उजेड कमी पडतो. रोपं काडीसारखी उंच वाढतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं, मान खिडकीकडे वळते. ट्रे रोज फिरवल्याने मान सरळ होते पण काडी जाड होत नाही. त्याला खरोखर जास्त उजेडच लागतो. दोन, रोपं कोलमडतात. हे ओळखायचं कसं? संध्याकाळी ठीक असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं. पानं हिरवी, शेंडा टवटवीत, पण खोड मातीशी जिथे मिळतं तिथे चिमटा काढल्यासारखं बारीक आणि तपकिरी, दोऱ्याइतकं. ही बुरशी आहे आणि ते रोप गेलं. त्याच्या आजूबाजूच्या मातीसकट ते चमच्याने काढायचं, वरून पाणी घालणं बंद करून ट्रेखालच्या थाळीत पाणी द्यायचं, २० मिनिटांनी उरलेलं ओतून टाकायचं, आणि दिवसातून काही तास पंख्याचा हलका वारा सोडायचा. पुढच्या वेळी जुने ट्रे एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून धुवून घ्या.

सोमवार, मंगळवार

सोमवारी पाल्याची सोय. पुदिन्याच्या काड्या पाण्याच्या पेल्यात, कोथिंबीर न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात. पालक खूप निघाला असेल तर उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पिळून लाडवाएवढे गोळे करून फ्रीझरमध्ये. अर्ध्या किलोचे तीन-चार गोळे होतात. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं, पण चुकलेलं नसतं. हिरवं वाटण तेलात घोटून ठेवणार असाल तर त्यात लसूण आहे का बघा. तेलातला कच्चा लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं, हवा नसलेल्या जागी बॉट्युलिझमचे जिवाणू विष तयार करतात. फ्रिजमध्ये चार दिवस, त्यापुढे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं.

मंगळवारी क्रेट बाहेर काढणं आणि रात्री दोन वाट्या मूग भिजत घालणं, एवढंच. बुधवारी सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधायचे, दिवसातून दोनदा धुवायचे, गुरुवारी संध्याकाळी मोड तयार. मोड कोमट ओलाव्यात वाढतात आणि जिवाणूंनाही तेच आवडतं, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस जेवणार असेल तर कच्चे वाढू नयेत, शिजवूनच.

पाणी कोण घालतं?

आठवड्याच्या मध्यावर हा प्रश्न निघतोच, म्हणून इथेच. घरच्या कुंड्या तहानेने जेवढ्या मरतात त्याहून जास्त प्रेमाने मरतात. सकाळी एकाने पाणी घातलं, दुपारी दुसऱ्याने वरची माती कोरडी बघून घातलं, संध्याकाळी मुलाने झारी रिकामी केली. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. मातीतली सगळी जागा पाण्याने भरली की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, पानं मलूल होतात, आणि मलूल पानं बघून चौथा माणूस पाणी घालतो.

प्रत्येक कुंडीत एक आइस्क्रीमची काडी खोचून ठेवा, एक टोक रंगवलेलं. पाणी घातलं की रंगीत टोक वर, दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी एकाने ती उलटी करायची, पण बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. रंग वर असेल तर कुणीही झारी उचलायची नाही. ही पद्धत चार वर्षांच्या मुलालाही कळते, मोठ्यांनाच पाळायला जड जाते. पाणी सकाळी, खोडाशी, तळाच्या भोकातून थेंब पडेपर्यंत. रोज थोडं शिंपडलं तर मुळं वरच्या दोन बोटांतच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात रोप माना टाकतं.

बुधवार: सालींचं काय करायचं

आठवडाभराच्या सालींचे दोन ढीग करायचे. कांद्याची वरची पाकळी, गाजराचे शेंडे, मशरूमचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या हे पहिल्या ढिगात: अर्धा किलोला दोन लिटर पाणी, ४५ मिनिटं मंद आचेवर, गाळून घ्यायचं. त्याहून जास्त उकळलं तर कडसर होतं. कोबी-फ्लॉवर नको, गंधकाचा वास सुटतो. हिरवट पडलेल्या बटाट्याची साल तर मुळीच नको, तिच्यात सोलानिन असतं.

बाकी सगळं कंपोस्टच्या डब्यात. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन ते तीन वाट्या सुका पालापाचोळा किंवा फाडलेला पुठ्ठा, आणि प्रत्येक वेळी वरचा थर सुकाच हवा. ओलावा पिळलेल्या स्पंजइतका. मूठ आवळली तर एक-दोन थेंब निघावेत. बिघाड नाकाने कळतो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही: उलटून घ्या, पुठ्ठा घाला. डोळ्याला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओलं जास्त: सुकं वाढवा. कसलाच वास नाही आणि महिनाभर काहीच हलत नाही, तर बहुधा कोरडं पडलंय. घरातल्या छोट्या डब्याला मोठ्या ढिगासारखी उष्णता चढत नाही, त्यामुळे मांस, दूध आणि तेलकट उरलंसुरलं त्यात टाकू नका.

गुरुवार: पानाची खालची बाजू

रोपं दिवसभर बाहेर असण्याचा हा पहिला दिवस, म्हणून कीड शोधायचाही. पान उलटून बघायचं. मावा कोवळ्या शेंड्यावर गर्दी करतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा आहे असं धरून चाला, त्या त्याचा गोड स्राव प्यायला येतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बहुतेक पडतो, दोन-तीन दिवस सलग करायचं. तरी राहिला तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर सौम्य द्रव साबण, कपड्यांची पावडर नव्हे. आधी दोन पानांवर मारून एक दिवस वाट बघायची, मग संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं. उन्हात मारलं तर पानं भाजतात.

एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. माव्याच्या घोळक्यात राखाडी-काळी, लांबुडकी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली छोटी मगरीसारखी अळी दिसते. ती लेडीबर्डची, म्हणजे ठिपकेवाल्या लाल भुंग्याची, पिल्लावळ आहे आणि ती मावाच खायला आलेली आहे. भीतीने तीच सगळ्यात आधी चिरडली जाते.

शुक्रवार: खुरपं वरवर

शनिवारी सोडून दिलेल्या वाफ्यात आता तणाची हिरवी लव दिसेल. धारदार खुरपं आडवं धरून फक्त वरचा एक-दोन सेंटिमीटर थर खरवडायचा. खोल गेलात तर खालचं नवं बी वर येतं आणि आठवडा फुकट जातो. खरवडलेलं उन्हात तासाभरात वाळतं. मग मोकळ्या जागेत घेवड्याचं बी ३ सेंटिमीटर खोल, १० ते १५ सेंटिमीटरवर. मातीचं तापमान १६ आहे ना ते पुन्हा एकदा बघून.

शनिवार संध्याकाळ: लागवड

ऊन उतरल्यावर, म्हणजे रोपाला पूर्ण रात्र मिळते. लावायच्या तासभर आधी ट्रेमध्येच पाणी द्यायचं. कोरडा मातीचा गड्डा जमिनीत गेला की भोवती पाणी असूनही तो आतून कोरडाच राहतो.

टोमॅटोची खालची पानं काढून खोडाचा दोन तृतीयांश भाग पुरायचा. पुरलेल्या खोडाला बारीक केसांसारखी मुळं फुटतात, आणि काडीसारखं वाढलेलं रोपही अशाने सावरतं. खालची माती अजून गार असेल तर खोल खड्ड्याऐवजी उथळ चर काढून रोप आडवं ठेवायचं, शेंडा वर. दोन दिवसांत तो स्वतःच उभा राहतो. कलमी रोप असेल तर मात्र जोड मातीच्या वर राहू द्या, नाहीतर वरच्या खोडालाच मुळं फुटतात आणि कलमाचा फायदा जातो. मिरची ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर. काकडीच्या मुळांना हात लावायचा नाही, गड्डा अख्खा उचलून ठेवायचा. टोमॅटोची मुळं गोल गोल फिरलेली असतील तर मात्र बोटांनी खालून मोकळी करा.

अंतर टोमॅटोला ४५ ते ६० सेंटिमीटर, मिरचीला ४०, ताटीवर चढवायच्या काकडीला ३०. आधाराची काठी आत्ताच ठोका, नंतर ठोकली तर मुळांतून जाते. सुतळीचा फास इंग्रजी आठच्या आकड्यासारखा बांधायचा, एक वेढा काठीला आवळून, दुसरा खोडाला बोटभर सैल. प्रत्येक रोपाला एक ते दीड लिटर पाणी, सावकाश. आच्छादन ५ ते ७ सेंटिमीटर जाड, खोडापासून चार बोटं दूर. थंड हवेत ते दोन आठवड्यांनी घाला, कारण झाकलेली माती लवकर तापत नाही.

रविवारी सकाळी पानं ताठ असतील. दुपारी थोडी लोंबतील आणि संध्याकाळी पुन्हा उठतील. पहिले तीन-चार दिवस हे चालायचंच. संध्याकाळीही उठली नाहीत तर बोट मातीत घालून बघा, आणि मधली दोन-तीन दुपारची तासं पुठ्ठ्याची सावली करा. ओल्या रुमालातले दाणे मोजायचा दिवसही हाच.